सोप्रानो ऐकायची कशी? ऑपेराच्या दारात पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा सोप्रानो ऐकली ती मोबाइलच्या स्पीकरवर. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या रात्रीच्या राणीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कुणीतरी पाठवला होता. आतल्या खोलीतून आईनं ओरडून विचारलं, "अगं, किती शिट्ट्या झाल्या?" मी तुकडा बंद केला आणि पुढची काही वर्षं ऑपेराच्या वाटेला गेले नाही.

आपल्यातले बरेच जण याच दारानं आत जातात आणि त्याच दारानं बाहेर पडतात. सगळ्यात उंच, सगळ्यात अवघड, सगळ्यात कसरतीची जागा आधी कानावर पडते आणि सोप्रानो म्हणजे हेच असा समज होऊन बसतो. म्हणून हा क्रम मी माझ्या चुकीच्या उलट लावला आहे. रात्रीची राणी येईल, पण जरा थांबून.

पायरी पहिली : घरात हार्मोनियम असेल तर काढा

'सोप्रानो' हा इतालियन शब्द. 'सोप्रा' म्हणजे वर. बायकांच्या आवाजांत सगळ्यात वरचा तो सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो आणि खालचा कंट्राल्टो.

हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबा. हा स्वर साधारण २६१ हर्ट्झचा. सोप्रानोसाठी लिहिलेलं बहुतेक संगीत इथून सुरू होतं आणि बरोबर दोन सप्तकं वर, म्हणजे सुमारे १,०४६ हर्ट्झपर्यंत जातं. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईच्या हिशेबात हा झाला अतितार सप्तकातला शुद्ध रिषभ. स्वरयंत्राच्या पडद्या त्या वेळी सेकंदाला हजाराहून जास्त वेळा एकमेकींवर आपटत असतात. आणि हे सगळं मायक्रोफोनशिवाय, पुढ्यात साठ-सत्तर वादकांचा ताफा वाजत असताना.

आता आपल्या कानाला सुरुवातीला खटकणारा मुख्य फरक. आपल्याकडे गाणारी व्यक्ती आपला सा निवडते. काळी चार सोयीची नसेल तर पांढरी पाच घ्या, बंदिश तीच राहते. ऑपेरात पट्टी संगीतकारानं कागदावर बांधून ठेवलेली असते. क्वचित कुठे अर्धा-एक स्वर खाली उतरवून घेतात, पण अख्खी भूमिका गायिकेच्या सोयीनं हलत नाही. म्हणजे गाण्यानं आवाजाकडे यायचं नसतं, आवाजानं भूमिकेकडे जायचं असतं. सोप्रानोंचे इतके पोटप्रकार का, एखादीनं अमुक भूमिका घेतली म्हणून रसिक काळजीत का पडतात, याचं उत्तर इथे आहे.

याच ठिकाणी एक शब्द शिकून घ्या, बाकीचे विसरलात तरी चालेल : तेसितुरा. मूळ अर्थ वीण, पोत. एखादी भूमिका बहुतांश वेळ आवाजाच्या कोणत्या भागात राहते, ते म्हणजे तिची तेसितुरा. गच्चीवर चढून कपडे वाळत घालून येणं वेगळं आणि गच्चीवरच संसार मांडणं वेगळं. कितीतरी मेझो गायिका सोप्रानोचा तो सगळ्यात वरचा स्वर सहज लावतात. त्यांना जड जातं ते तिथल्या आसपास तीन तास राहणं. तेव्हा 'किती वर जाते?' हा प्रश्न सोडा. 'कुठे राहते?' हे विचारा.

पायरी दुसरी : मिमीपासून सुरुवात करा

पहिलं गाणं म्हणून माझी शिफारस एकच : पुच्चिनीच्या 'ला बोएम'मधलं मिमीचं गाणं, 'सी, मी क्यामानो मिमी'. साधारण पाच मिनिटांचं. हा ऑपेरा १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनमध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन करणारा आर्तुरो तोस्कानिनी अवघा २८ वर्षांचा होता.

प्रसंग असा. पॅरिसमधली नाताळची आदली रात्र, माळ्यावरची गारठलेली खोली. शेजारीण मेणबत्ती पेटवून घ्यायला येते, चक्कर येऊन पडते, किल्ली हरवते. अंधारात किल्ली शोधताना कवी रोदोल्फो तिचा हात धरतो, स्वतःबद्दल गातो आणि विचारतो, तू कोण? त्यावर ती सांगते : मला मिमी म्हणतात, खरं नाव लुचिया. कापडावर फुलं भरते. एकटीच जेवते. पांढऱ्याशा छोट्या खोलीत राहते, खिडकीतून छपरं दिसतात.

इथवर ती जवळजवळ बोलतेच आहे. स्वर मध्य सप्तकात, वाद्यं दबकून. आणि मग एक ओळ येते, तिचा आशय असा की बर्फ वितळायला लागतं तेव्हा सूर्याचं पहिलं ऊन माझं असतं. या ओळीवर पुच्चिनी आवाज आणि वाद्यवृंद दोन्ही एकदम मोकळे सोडतो. हा स्वर सोप्रानोच्या मानानं फार उंच नाही. पण आधीची तीन मिनिटं तो राखून ठेवलेला असतो, म्हणून खोलीची भिंत पडून ऊन आत आल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बुवा तार षड्ज किती वेळ लांबवतात आणि मग लावतात, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा अनुवाद समोर ठेवून. दुसऱ्यांदा कागद बाजूला ठेवून. तिसऱ्यांदा फक्त श्वास ऐका : ती कुठे दम घेते, वाक्य कुठे तोडत नाही, शेवटी पुन्हा साध्या बोलण्यावर उतरताना आवाजातलं वजन कसं काढून घेते. हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून सोप्रानोचा खालचा अर्धा भाग गळून जातो आणि उरते ती शिट्टी.

मिमी पचली की त्याच ऑपेराच्या दुसऱ्या अंकातली म्यूझेटा ऐका. तीही सोप्रानोच. कॅफेत बसून जुन्या प्रियकराला जळवण्यासाठी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं वॉल्ट्झच्या ठेक्यावर गाते. एकाच ऑपेरात दोन सोप्रानो आणि तरी डोळे मिटूनही गल्लत होत नाही. मिमीचा आवाज गोलसर, उबदार. म्यूझेटाचा हलका, चमकदार, थोडा नखरेल. हा फरक ऐकू आला की पुढच्या पायरीला तुम्ही तयार आहात.

पायरी तिसरी : खण ओळखा, पण पाठ करू नका

जर्मन नाट्यगृहांत आवाजांच्या वर्गवारीला 'फाख' म्हणतात. शब्दशः अर्थ खण, कप्पा. गायिकेचा करारच त्या खणाप्रमाणे होतो. खण बरेच आहेत, त्यांच्या सीमा पुसट आहेत आणि जाणकार त्यावर तासन्‌तास भांडतात. नवख्याला पाच पुरेत.

सुब्रेट : हलका, चुणचुणीत आवाज. मोलकरणी, खट्याळ मैत्रिणी. मोझार्टच्या 'मॅरेज ऑफ फिगारो'तली (व्हिएन्ना, १७८६) सुझाना ही या खणातली राणी. नोकराणी म्हणून तिला दुय्यम समजू नका. ती बहुतेक सगळा वेळ रंगमंचावर असते आणि नाटक तीच चालवते. पहिली सुझाना नॅन्सी स्टोराचे ही इंग्लंडहून आलेली होती.

लिरिक : मिमी याच खणातली. 'फिगारो'मधली काउंटेसही, सुझानाची मालकीण. नवऱ्याचं प्रेम आटलेल्या बाईचं तिचं 'दोवे सोनो' हे गाणं मिमीनंतर लगेच ऐकायला हरकत नाही.

स्पिंटो : म्हणजे ढकललेला, जोर लावलेला. मूळ आवाज लिरिक, पण वेळ आली की वाद्यवृंदाला भेदून जाण्याची ताकद. तोस्का, आइदा, बटरफ्लाय या नायिका. अमेरिकेची लिओन्टिन प्राइस ही या आवाजाचा आदर्श मानली जाते. जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात व्हर्दीच्या 'इल त्रोव्हातोरे'मधून ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा शेवटी टाळ्या चाळीस मिनिटांहून जास्त चालल्या असं सांगतात.

ड्रामॅटिक : वाग्नरच्या ब्र्युनहिल्डे आणि इसोल्डे, श्ट्राउसची एलेक्ट्रा. एलेक्ट्रासमोर शंभराहून जास्त वादक असतात. या आवाजाला घाटातल्या ट्रकसारखं इंजिन लागतं. तो बहुधा उशिरा, तिशी उलटल्यावर पिकतो. नॉर्वेची कर्स्टन फ्लागस्टाड आणि स्वीडनची बिर्गिट निल्सन ही नावं लिहून ठेवा. आणि वाग्नर आत्ताच नको. चार-साडेचार तासांचा ऑपेरा पहिल्याच महिन्यात लावाल तर मला शिव्या द्याल.

राहिला कोलोरातुरा. म्हणजे ताना. आपल्या कानाला सगळ्यात जवळचा हाच वाटायला हवा, पण गंमत अशी की आपण आकाराच्या तानेत दाणा आणि वजन शोधतो आणि कोलोरातुरात स्वर मण्यांसारखे सुटे, हलके, लखलखीत असतात. शिवाय तान सहसा कागदावर लिहिलेली असते. दोनिझेत्तीच्या 'लुचिया दी लामेरमूर'मध्ये (नेपल्स, १८३५) मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली लुचिया पहिल्याच रात्री नवऱ्याला भोसकते आणि रक्ताळलेल्या कपड्यांनी पाहुण्यांसमोर येऊन गाते. भ्रमिष्ट अवस्थेतलं ते गाणं पंधरा-वीस मिनिटं चालतं. त्यात तिच्याबरोबर बासरी ऐकू येते, पण दोनिझेत्तीनं आधी तिथे काचेची वाद्यं योजली होती. ओलं बोट काचेच्या कडेवरून फिरवल्यावर निघतो तसा अधांतरी स्वर. आता काही नाट्यगृहं पुन्हा तेच वाद्य वापरतात. मिळालं तर तेच ऐका, अंगावर काटा येतो.

आणि आता रात्रीची राणी. 'मॅजिक फ्लूट' ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात उघडला, मोझार्ट जाण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. राणीची भूमिका केली ती त्याची मेहुणी योझेफा होफर हिनं. तिचा गळा कुठवर जातो हे त्याला घरातच ठाऊक होतं. अख्ख्या ऑपेरात राणीची मोठी गाणी दोनच. दुसऱ्यात ती मुलीच्या हातात सुरी देते आणि म्हणते, माझ्या शत्रूला मार, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस. तिथे चार वेळा येणारा स्वर १,३९७ हर्ट्झच्या आसपासचा आहे. मघाच्या काळी पाचच्या हिशेबात अतितार पंचम! हा प्रसंग माहीत असला की त्या शिट्ट्या राहत नाहीत, संतापानं माणसाचा आवाज फाटतो तसं काहीतरी होतं. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

थोडं विषयांतर. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज कोरलेली एक सोनेरी तबकडी आहे. त्यात रात्रीच्या राणीचं हे गाणं आहे, एडा मोझरच्या आवाजात. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, 'जात कहां हो'. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई गेल्या त्या १६ सप्टेंबर १९७७ रोजी, मुंबईत. विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली सोप्रानो मारिया कालास पॅरिसमध्ये गेली तीही त्याच दिवशी.

पायरी चौथी : एक अख्खी भूमिका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सुटी गाणी ऐकून झाली की एक ऑपेरा पूर्ण बघा. तो 'ला त्राव्हियाता' असू द्या. व्हर्दीचा, १८५३ सालचा, संगीत जेमतेम सव्वादोन तासांचं. कारण त्यातली व्हियोलेता. ही भूमिका करायला तीन आवाज लागतात असं गायिकांमध्ये म्हणतात, आणि ते तीन तुम्ही आताच शिकला आहात.

व्हियोलेता पॅरिसमधली धनिकांच्या आश्रयानं राहणारी रूपवती, क्षयानं पोखरलेली. अलेक्झांडर द्युमा धाकट्यानं ओळखीतल्या एका खऱ्या बाईवरून तिची कथा लिहिली होती. ती बाई, मारी द्युप्लेसी, १८४७ साली २३ व्या वर्षी गेली.

पहिला अंक कोलोरातुराचा. मेजवानी संपते, पाहुणे जातात, ती एकटी उरते. आल्फ्रेदो नावाचा तरुण प्रेमाचं बोलून गेला आहे. आधी ती स्वतःशी हळू गाते : हाच का तो? मग झटकून टाकते, छे, मला मोकळंच राहायचं आहे, आणि 'सेम्प्रे लिबेरा' सुरू होतं. तानांवर ताना. नीट ऐका, त्या आनंदाच्या नाहीत. ती धावते आहे. मध्येच बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो, ती क्षणभर अडखळते आणि आणखी वेगानं ताना घेते. शेवटी पुष्कळ गायिका एक खूप उंच स्वर लावतात, ज्यावर नाट्यगृह डोक्यावर घेतलं जातं. तो व्हर्दीनं लिहिलेला नाही. परंपरेनं आलेला आहे. नाही लावला तर गायिका कच्ची असं समजू नका. उलट माझ्या मते तो न लावता धावपळीत थांबणारीच जास्त खरी वाटते, पण या मताला घरातही पाठिंबा नाही.

दुसरा अंक लिरिकचा, आणि या ऑपेराचा जीव इथे आहे. दोघं गावाबाहेर सुखात राहत असतात. आल्फ्रेदोचा बाप येतो. माझ्या मुलीचं लग्न तुझ्यामुळे मोडेल, त्याला सोड. वीसेक मिनिटांचा हा संवाद गाण्यांच्या यादीत कुणी टाकत नाही, पण एकदा डोळ्यांसमोर घडताना बघाच. ती आधी तडफडते, मग हळूहळू मोडते. 'दीते आला जोव्हिने', तुमच्या त्या कोवळ्या मुलीला सांगा, ही ओळ ती इतक्या हळू, इतक्या सरळ स्वरात सुरू करते की पहिल्या अंकातली हीच का ती, असा प्रश्न पडतो. आणि घर सोडून जाताना आल्फ्रेदोला काही न सांगता एकदाच ओरडते, 'आमामी, आल्फ्रेदो', माझ्यावर प्रेम कर. सगळा वाद्यवृंद खालून उसळतो. इथे स्पिंटोची ताकद लागते. हलक्या आवाजाची गायिका या एका जागी उघडी पडते.

तिसऱ्या अंकात ती मरणाच्या दारात. बापाचं पत्र ती गात नाही, वाचते. ऑपेरात बोललेला आवाज ऐकणं किती विचित्र असतं ते इथे कळतं. इतक्या गाण्यानंतर साधं बोलणं कानाला बोचतं. मग 'अद्दिओ देल पासातो', गेलेल्या दिवसांचा निरोप. इथे ताकद लपवायची असते. मरणारी बाई भरदार गळ्यानं गाऊ शकत नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत तर पोचायला हवं. हा पेच प्रत्येक गायिका आपापल्या परीनं सोडवते आणि तो कसा सोडवला हे बघण्यासाठी लोक 'त्राव्हियाता'ला पंधरा-वीसदा जातात.

व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ६ मार्च १८५३ रोजी पहिला प्रयोग पडला. तेव्हाची व्हियोलेता क्षयरोगी वाटण्याजोगी कृश नव्हती, यावर लोक हसले असं सांगतात. व्हर्दीनं मित्राला कळवलं की प्रयोग फसला, दोष माझा की गायकांचा ते काळ ठरवेल. पुढच्याच वर्षी, व्हेनिसमध्येच, दुसऱ्या नाट्यगृहात तो तुफान चालला.

पायरी पाचवी : जुन्या ऑपेरात वीरपुरुष बाईच्या आवाजात का गातात?

'त्राव्हियाता' नंतर मागे वळून सतराव्या-अठराव्या शतकातलं काही लावाल आणि चक्रावाल. माँतेव्हर्दीच्या 'पोपेआ'मध्ये (व्हेनिस, १६४३) रोमचा सम्राट नीरो सोप्रानोच्या पट्टीत गातो. नायिका पोपेआही सोप्रानो. शेवटच्या युगुलगीतात दोन आवाज एकमेकांत असे गुंफतात की कोण कुठलं कळू नये.

कारण त्या काळी सोप्रानो म्हणजे बाई असं समीकरण नव्हतं. चर्चमध्ये स्त्रियांनी गायचं नाही, पोपच्या राज्यात रंगमंचावर यायचं नाही. मग वरचे स्वर कोण गाणार? ज्या मुलांचा गळा चांगला, त्यांच्या वृषणांवर आवाज फुटण्याआधीच शस्त्रक्रिया करून तो तसाच ठेवायचा. यांना कास्त्राती म्हणत. मुलाचं स्वरयंत्र, मोठ्या माणसाची छाती, वर्षानुवर्षांची तालीम. अठराव्या शतकात युरोपभर त्यांची हवा होती, पैसा होता. पण यासाठी कापल्या गेलेल्या बहुसंख्य मुलांचं नाव कुठेच नाही. शेवटच्या पिढीतल्या आलेस्सांद्रो मोरेस्कीच्या तबकड्या १९०२ आणि १९०४ साली निघाल्या. आवाज आंतरजालावर मिळतो. ऐकावा की नाही ते तुम्ही ठरवा. मी एकदाच ऐकला.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. शकुंतला आणि सिंधू झालेल्या बालगंधर्वांच्या शालूंवर आपल्या पणज्या जीव टाकत होत्या. फरक इतकाच की गंधर्वांवर कुणी सुरी चालवली नव्हती.

कास्त्राती गेले, पण सवय मागे राहिली. बाईनं तरुण मुलाचं काम करायचं, याला 'विजारीची भूमिका' म्हणतात. 'फिगारो'मधला प्रेमानं पेटलेला पोरगा केरुबिनो बाईच करते. श्ट्राउसच्या 'रोझेनकाव्हालिअर'मध्ये (१९११) तर शेवटी तीन बायका एकत्र गातात : सरत्या तारुण्याची सरदारीण, तिचा कोवळा प्रियकर आणि त्या प्रियकराची नवी प्रेयसी. प्रियकर मेझो, बाकी दोघी सोप्रानो. सरदारीण त्याला सोडून देते. पाश्चात्य संगीतातली जी पाच मिनिटं मी कुणासाठीही सोडणार नाही, ती ही.

पायरी सहावी : शब्द कळत नाहीत, यात तुमची चूक नाही

इतालियन येत नाही म्हणून कळत नाही असं वाटतं. खुद्द इतालियन माणसालाही सोप्रानोचे वरचे शब्द नीट कळत नाहीत. आ, ई, ऊ हे स्वर आपण ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या ठरावीक कंपनांवरून. गायिकेचा मूळ सूरच त्या कंपनांच्या वर गेला की ओळखायला काही उरत नाही. शिवाय आवाज दूरवर पोचावा म्हणून ती जबडा मोकळा सोडते, त्यामुळे सगळेच स्वर 'आ'कडे झुकतात. मुद्दाम नाही, भौतिकशास्त्र आहे ते.

उपाय दोन. आधी कथा वाचून घ्या. ऑपेरात रहस्यभेदानं काही बिघडत नाही. आणि रंगमंचाच्या वर पट्टीवर येणारा अनुवाद वाचा. ही सोय फार जुनी नाही, १९८३ साली टोरांटोत 'एलेक्ट्रा'च्या वेळी पहिल्यांदा झाली.

पायरी सातवी : एकच गाणं, वेगवेगळ्या गायिका

एकच भीमपलासी चार जणांकडून ऐकावा तसं हे. बेल्लिनीच्या 'नॉर्मा'तलं (मिलान, १८३१) 'कास्ता दिव्हा' घ्या. चंद्राला उद्देशून पुजारिणीची प्रार्थना. लांबलचक ओळी, दमसासाची परीक्षा. कालास, जोन सदरलंड आणि मोंतसेरात काबाये या तिघींची ध्वनिमुद्रणं मिळवा आणि एकामागून एक लावा. सदरलंडचा आवाज तेलासारखा सलग, शब्द मात्र पुसट. काबाये वरचा स्वर इतका हळू लावते की श्वास आपलाच अडकतो. कालासच्या आवाजात ओरखडे आहेत, वर गेल्यावर तो कधी कधी हेलकावतोही. पहिल्यांदा ती तिघींत डावी वाटेल. महिन्याभरानं पुन्हा ऐका.

खण मोडणारी बाई म्हणूनही कालास महत्त्वाची. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरची ब्र्युनहिल्डे गात होती. तिथेच बेल्लिनीच्या 'पुरितानी'ची नायिका आजारी पडली. ती भूमिका कोलोरातुराची, म्हणजे ट्रकचालकाला सर्कशीतल्या दोरीवर चढवण्यासारखं. कालासनं ती आठवड्याभरात बसवली आणि गायली. बेल्लिनी-दोनिझेत्तीच्या ताना नुसती शोभा नसून त्यांत नाट्य असतं, हे लोकांना तिथून पुन्हा आठवलं. तिचा आवाज लवकर का ओसरला याची कारणं लोक अजून शोधतात. खणांवर विश्वास असलेले या आठवड्याकडे बोट दाखवतात.

गायला शिकायचं असेल तर

थोडक्यात सांगते. यूट्यूब लावून रात्रीच्या राणीची नक्कल करू नका, गळा बसेल. आपला आवाज सोप्रानो आहे की मेझो हे पहिल्या वर्षी कुणी ठामपणे सांगितलं तर जरा सावध राहा. चांगले शिक्षक वाट पाहतात. मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये नाव मिळवलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ २००९ पासून भारतात येऊन तरुण गायकांना शिकवत आल्या आहेत. खर्ज भरलेला, ख्याल शिकलेला गळा दमसासात पुढे असतो. छातीचा आवाज वरपर्यंत ओढत न्यायची सवय तेवढी मोडावी लागते.

पायरी शेवटची : तिकीट काढा

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात. सुरुवातीला तेच बरं, गायिकेचा चेहरा जवळून दिसतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही तिथलाच, २००६ पासूनचा. गिरगावाजवळचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं तेव्हा पहिला कार्यक्रम रोझारिओंचा झाला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले तेच हे नाट्यगृह.

कपड्यांची चिंता नको. उशीर मात्र करू नका, दार लागलं की मध्यंतरापर्यंत बाहेर. आपल्यासारखी मध्येच 'वा, क्या बात है' म्हणायची सोय इथे नाही. गाणं पूर्ण संपलं, वाद्यं थांबली की मनसोक्त टाळ्या. गायिकेला 'ब्राव्हा', गायकाला 'ब्राव्हो', सगळ्यांना मिळून 'ब्राव्ही'.

आणि 'बोएम' बघायला गेलात तर चौथ्या अंकात हात आवरा. मिमी मरते तेव्हा तिला मोठं गाणं नाही. पहिल्या अंकातल्या ओळींचे तुकडे तेवढे तिला परत आठवतात, स्वर खाली खाली येतो आणि ती झोपल्यासारखी गप्प होते. खोलीतल्या माणसांना लगेच कळतही नाही. सगळ्यांत शेवटी रोदोल्फोला कळतं, तो तिचं नाव घेऊन ओरडतो, पितळी वाद्यं कोसळतात आणि पडदा पडतो. पडदा पूर्ण खाली टेकेपर्यंत थांबा.